तीन नंबरची बाटली

नाही, मला सांगा, तीन नंबरच्या बाटलीत काही पडलंच नव्हतं, तर माझे जंतू काय उगाच बोंब मारतील? जंतू खोटं बोलत नाहीत हो! माणसं बोलतात. त्यातही सर...

थांबा, पहिल्यापासून सांगते. आमची लॅब तुर्भ्याला. तिथल्या नाल्यात कुणीतरी गुपचूप केमिकल सोडतं, तपासणारा येईपर्यंत सगळं वाहून गेलेलं, नाला कसा साळसूद! म्हणून मी तीन वर्षं खपून असे जंतू घडवले, की केमिकलची चाहूल लागली की ते आपल्याच डीएनएवर बारीकशी टिकली लावून घेतात. मिथाइलची टिकली! डीएनएचं अक्षर एक बदलत नाही, फक्त त्यावर टिकली. मग केमिकल जाऊ दे, पाणी बदलू दे, टिकली तिथेच, आणि पोरं झाली की पोरांच्याही कपाळाला! सानपाड्याला आमच्या आईला हे सांगितलं, तर ती म्हणते, "टिकल्या लाव नायतर मुंडावल्या बांध, पन त्यांना घरान आनू नको गो बाय!"

आता आमचे राजवर्धन सर, लॅबचे मुख्य. तुम्हाला सांगते, माणूस दिवसभर एकच जप करतो, "टिप बदलली का? उन्नती, टिप बदलली का?" टिप म्हणजे थेंब मोजून टाकणाऱ्या पिपेटच्या टोकाची प्लॅस्टिकची नळी, एका बाटलीतलं दुसरीत जाऊ नये म्हणून दर वेळी फेकायची. तर हे सर म्हणाले, "तुझ्या जंतूंच्या सहा बाटल्या. काहींत मी केमिकल टाकणार, बाकीच्यांत साधं पाणी. मग सगळं धुऊन तुझ्याकडे. ओळखलंस तर प्रोजेक्ट चालू. एक जरी चुकली, तर गाशा गुंडाळायचा!" तीन वर्षं हो माझी!

समोर प्रोजेक्टचा निकाल लावणारी कमिटी बसलेली. मी एकेका बाटलीतल्या टिकल्या वाचल्या. दोन, पाच... आणि तीन.

सर चष्मा वर करून, "तीन? तीनमध्ये मी पाणी टाकलंय! चुकलीस, उन्नती." कमिटीवाले बॅगा आवरायला लागले, मला रडू फुटणार, एवढ्यात म्हटलं, का म्हणून? जंतू खोटं बोलत नाहीत! पुन्हा वाचलं. तीनमध्ये टिकल्या होत्या, पण तुरळक. म्हणजे केमिकल पडलंय, पण पुरता थेंबही नाही, नुसतं चाटून गेल्यासारखं...

मी विचारलं, "सर, दोनमध्ये केमिकल, मग तीनमध्ये पाणी. मधे टिप बदलली का?"

सर चष्मा काढून पुसायला लागले.

"ऑफ कोर्स! म्हणजे... तेवढ्यात फोन आला... कळंबोलीहून, सळईवाल्याचा... आमच्या स्लॅबचं काम चाललंय ना..." आणि सरांचा हात आपोआप कपाळाला! बघा, जे सरांना स्वतःला कळलं नाही, ते माझ्या जंतूंनी पकडलं! खोटं बोलत नाहीत हो, बोलतच नाहीत! कमिटीतल्या ज्ञानेश्वरी मॅडम तर उभ्याच राहिल्या, "अहो, नाल्याला हेच तर हवंय!" प्रोजेक्ट मंजूर! वर दोन वर्षं वाढवून! मी तिथेच, लॅबकोटात, सगळ्यांसमोर नाचले!

मग सर उठले. घसा खाकरला. म्हणाले, "हीच तर खरी परीक्षा होती. टिप मी मुद्दामच बदलली नव्हती."

पुन्हा टाळ्या! या वेळी सरांना! आता मी काय करणार, सांगा? प्रोजेक्ट वाचलाय, दोन वर्षं त्यांच्याच हाताखाली काढायचीत... मीही वाजवल्या.