सातव्या भागाला हजर असलेल्या भावाबाबत

मी, बेपत्ता इसमाची सख्खी धाकटी बहीण, वय ३४ वर्षे, धंदा दातांच्या कवळ्या बनवणे, राहणार वडिलांच्या शिंपीकामाच्या दुकानावरचा मजला, समक्ष विचारल्यावरून सांगते की,

वरील ठिकाणी मी व वडील असे दोघेच राहतो. माझा मोठा भाऊ, ज्याला मी दादा म्हणते, वडिलांच्याच दुकानात कपडे शिवायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याच्या हातून गिऱ्हाइकाचा नवा कोट इस्त्रीने जळाला. वडिलांनी चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारली. दुसऱ्या दिवशी तो घरातून निघून गेला. तेव्हाची तक्रार आपल्या पोलीस ठाण्याच्या दप्तरी आहे. शोध लागत नाही, सबब ती बंद करायची, वडिलांनी सही करावी, असा कागद गेल्या महिन्यात घरी आला. वडील म्हणाले, "सही करणार नाही. त्या अंतराळवाल्या सिनेमाचा शेवटचा भाग येतोय. तो येणार बघायला. अर्धी शिवण टाकून उठणारा नाही तो." मी म्हटले, घर टाकून उठला की.

सदर सिनेमाचे पहिले चार भाग मी व दादाने एकाच थिएटरात, शेजारी बसून पाहिले आहेत. पाचवा आणि सहावा मी एकटीने पाहिला. दोन्ही वेळा थिएटर खचाखच भरलेले, कोण कुठे बसले आहे ते कळायला मार्ग नव्हता.

काल दुपारी तीनच्या खेळाला मी निघाले तेव्हा वडिलांनी माझा कोट झटकून हातात दिला. एरवी ते त्याला शिवतही नाहीत, कापड भिकार आहे म्हणतात.

सिनेमा कसा होता, असे साहेबांनी विचारले. वाईट असता तर लोकांनी आरडाओरडा तरी केला असता. हा धड वाईटही नव्हता. यान हळूहळू जात होते. कप्तान खिडकीशी उभा राहून बोलत होता. बाहेर एक निळा ग्रह फिरत होता, तो काही संपेचना. खुर्ची मऊ होती, यानाची घरघर अंगातून गेल्यासारखी वाटत होती. माझा डोळा लागला. जागी झाले तर तोच ग्रह. मध्येच मला वाटले, मी दहा वर्षांची आहे आणि घरी जायचे आहे. लोक दोघे-दोघे उठून, वाकून, निळ्या उजेडातून निघून जात होते. शेवटी माझ्यापुढे एकच डोके उरले.

पडद्यावर कप्तानाचा पोशाख फाटला, कप्तान मरायला टेकला, आणि ते डोके हसले. "बगलेत उसवला! सात भाग झाले, अजून बगल जमत नाही यांना," असे ते स्वतःशीच म्हणाले. मी जाऊन शेजारी बसले. तो दादाच होता. केस विरळ झाले आहेत.

तो पडद्याकडे बघतच म्हणाला, "ढमे, घोरत होतीस." मग म्हणाला, "एवढी वर्षं वाट बघायला लावून काय हा शेवट!" पडद्यावर नावे सरकू लागली तेव्हा म्हणाला, "बाबा?"

मी म्हटले, "आहेत. दिसतं कमी. सुईत दोरा मीच ओवून देते."

दिवे लागले. माझ्या कोटाचे वरचे बटण लोंबत होते. लोंबते बटण दादाला बघवत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याने खिशातून सुईदोरा काढला आणि थांबला. म्हणाला, "हा दोरा झिजलेला नाही. कात्रीनं कापलाय." सकाळी बटण पक्के होते, हे मी शपथेवर सांगते. दादाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागले. झाडूवाली बाई आमच्या बाजूने झाडत गेली.

बटणाला चार भोके आहेत. त्याने दोनच भोकांतून टाके घातले आणि दोरा तोडला. मी म्हटले, "आणि बाकीचे?"

"घरी येऊन घालतो. बाबांना सांग, दोरा मी ओवीन."

कधी येणार, ते त्याने सांगितले नाही. पत्ता मी विचारला नाही. विचारला तर जाग येईल, अशी मला भीती वाटली.

साहेब म्हणाले, "बाई, झोपला होतात ना? स्वप्न पडलं असेल. पुरावा म्हणून कोट जमा करा." कोट मी समक्ष दाखवला आहे. बटण दोन भोकांवर आहे, ओढून पाहिले तरी निघत नाही. कोट मी जमा करणार नाही. दादा आला आणि कोट घरात नसला, तर काय सांगू त्याला?

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी बोलले तसाच उतरला आहे, म्हणून खाली सही करते. वडिलांकडे आलेला कागद सहीविना परत देत आहे.