अक्काचा अंगठा

मी आणे गावचा, पठारावरचा. तिकडं पानी नाय, त्यामुळं आमची शेती वर बघून चालनारी, आन घरात आमी दोघंच भावंडं, मी बबन आन माझ्याहून मोठी यमुना, तिला मी अक्का म्हनतो. आय-बाप लवकर गेले, मंग आय बी तीच झाली, बाप बी तीच, तिनंच मला मागं लागून आयटीआयला घातलं, म्हनली, हातात कला आसली का कुनाच्या दारात जावं लागत नाय. लेथ शिकलो. आळेफाट्याला गॅरेजमधे धा वर्सं ट्रकाच्या शाफ्टी उतरवल्या, आन मंग फाट्याच्या अलीकडं माळावर इंजिनेरिंगचं कॉलेज निघालं, त्यांना वर्कशॉपला मानूस पायजे व्हता, मी चिकटलो.

काय सांगू तुमाला भाऊ, कॉलेज कसलं, नुसता रंग दिलेला कोंडवाडा. पोरांना कानस कंच्या हातानं धरायची म्हाईत नाय, पान्याला हातोडी समजून ठोकायची, आन हे म्हनं उद्याचे इंजिनेर. मला मामा म्हनायचे. शिपाई मामा, बसचा डायवर मामा, मी बी मामा. सर कोन? तर ज्याचे हात कवाच काळे व्हत नाय, तो सर. आमचे एक टायवाले सर व्हते, पुण्याहून यायचे, वर्कशॉपच्या दारात उभं राहून बोलायचे, आत नाय यायचे, का तर बुटाला ऑइल लागतं. आता बोला.

तर ह्या टायवाल्या सरांनी एका वर्सी डोक्यात घेतलं, शेवटच्या वर्साच्या पोरांनी आजारी मानसांसाठी यंत्रं बनवायची. बायोमेडिकल. लई मोठा शब्द राव, तो शब्द शिकायलाच पोरांचे चार म्हयने गेले. एका टोळीनं नाडी मोजायचं यंत्र केलं, केलं मंजी पुण्याहून तयार आनलं, माझ्या बोटाला लावलं तर आकडा आला शून्य. म्हनलं, मी मेलोय ना मंग, जाऊ का घरी, आज सुट्टी लावा. तर ते बेनं म्हनतंय, मामा, तुमचं बोटच लई कडक हाये.

अक्का आण्यातच दिल्याली, आता घरात ती आन तिची सून. त्याच्या दोन वर्सं आधी तिचा हात कडबाकुट्टीच्या यंत्रात गेल्याला. उजव्या हाताची चार बोटं गेली, नुसता अंगठा राह्यला. मला ते बघवत नव्हतं. मी सरांना म्हनलं, बनवायचंच तर माझ्या बहिनीला हात बनवा, खेळनी कशाला करताय. सर खूश, म्हनले, आपल्याला खरा पेशंट मिळाला. मला पेशंट शब्दाचा राग आला, पन गिळला, गरज माझी व्हती.

अक्काला येस्टीनं आनली. खुर्चीत बसवली, पंख्याखाली, फोटो काढले, टेपनं मनगट मोजलं, नाव इचारलं, वय इचारलं, वजन इचारलं. वजन! तिला काय बाजारात न्यायची व्हती? चौघांची टोळी, तीन पोरं आन एक पोरगी, वैशाली म्हनून, निरगुडसरची. पोरांनी पाच बोटांचा हात केला, मोटार, ब्याटरी, वायरी, आन बोटं कुनाची, तर त्यातल्या म्होरक्याच्या पंज्याचा साचा काढून. बाईला पैलवानाचा पंजा. आन खरी अक्कल पुढंच हाये. पाच बोटं पुरी दिसायला पायजेत म्हनून त्यांनी बाईचा जिता अंगठा आत कोंबला आन वर प्लास्टिकचा अंगठा बसवला! जी एक गोष्ट देवानं शिल्लक ठेवली व्हती, ती ह्यांनी डब्यात बंद केली. आन एवढे शिकल्याले सर, त्यांना बी दिसंना.

प्रदर्शनाला पाव्हनं आले. त्या हातानं गिलास उचलला, टाळ्या पडल्या. अक्का बिचारी हासली. येस्टीत बसल्यावर मला म्हनली, बबन, अंगठ्याला मुंग्या आल्या रं, मेल्यावानी झालाय. आन ब्याटरी भरायची कवा, आमच्याकडं लाइट येती कवा, हे तर कुनीच इचारलं नाय.

माझं टाळकं सरकलं. म्हनलं, ह्यांच्या डिग्र्या घाला चुलीत, मी दावतो. आठ दिस खपलो. चामड्याची पट्टी, त्याला लोखंडी कडं, कड्यात खुरपं बसवल्यालं, आसं झ्याक काम का हात फिरवला तरी जोड लागू नये. आण्याला नेलं. अक्कानं बांधलं, एक वळ खुरपली, म्हनली, लई चांगलं केलंस भाऊ. पुढच्या खेपेला गेलो तर ते खुंटीला. त्याच्या पुढच्या खेपेला बी खुंटीलाच. मी तिच्यावर बी चिडलो, म्हनलं, तुला किंमत नाय. तिनं माझ्यासाठी चहा ठेवला.

मंग एक दिस ही वैशाली वर्कशॉपमधे आली. आता हिला बी मी त्यातच मोजल्याली, टोळीत हिचं काम फाइल लिवायचं आन पाव्हन्यांना गुच्छ द्यायचा. म्हनली, मामा, मी दोन दिस अक्कांकडं राहू का? म्हनलं, कशाला, सहल काढायची का? तरी गेली. सोमवारी आली, लेथशेजारी उभी राह्यली, म्हनली, मामा, राग मानू नका, अक्कांना खुरपं नको हाये.

मंग काय पायजे?

म्हनली, त्यांना निऱ्या घालता येत नाय. रोज उजाडायच्या आत सून त्यांना लुगडं नेसवून मजुरीला जाती. दिसभरात सुटलं तर सून येस्तोवर तसंच धरून बसायचं. म्हनून त्या सकाळपासून पानी पीत नाय, मामा. भाएर जायला लागू नये म्हनून.

मी लेथ बंद केला. दोन वर्सं. दर म्हयन्याला मी तिच्या हातचा चहा पिऊन येत व्हतो, आन ती समोर बसून माझ्याबरोबर नुसता कप धरायची, प्यायची नाय, मला वाटायचं पित्त हाये. बहीन भावाला हे कसं सांगल? पन मी तरी कवा इचारलं? सरांनी वजन तरी इचारलं, मी तेवढं बी नाय.

वैशालीनं खडूनं फरशीवर काढून दावलं. मोटार नाय, बोटं नाय. अंगठ्याच्या समोर एक पट्टी, अंगठा तिला टेकवला का चिमूट बसली. बास. मी अ‍ॅल्युमिनमची पट्टी वाकवली, आतून सायकलच्या ट्यूबचं रबर, पट्टा आसा का डाव्या हातानं आन दातानं आवळता येतो. पयल्यांदा लुगडं सटकलं, दुसऱ्यांदा मनगट सोललं, तिसऱ्यांदा बसली.

अक्कानं खोलीचं दार लावून घेतलं. सून आन मी ओट्यावर. लई येळ. सून म्हनती, जाऊ का आत? म्हनलं, बस खाली. दार उघडलं. निऱ्या वाकड्या, एक काठ खाली, सून उठली नीट करायला, तर अक्का म्हनली, हात नको लावू. आन मला म्हनली, बबन, तांब्या आन, भरून आन.

सरांनी ते बघून काय म्हनावं? ह्यात इंजिनेरिंग कुठंय. वैशालीला काठावर पास केली. मी त्यांना जे बोललो ते तुमी लिवू नका, शोभनार नाय.

आता मी रिटायर झालो. टायवाले सर मोठ्या कॉलेजात गेले, त्यांची तीच लायकी. वैशाली जितं आसंल तितं सुखात राहू द्या. ते खुरपं मी खुंटीवरून काढू देत नाय, आसू दे, मला बघायला. दर दिवाळीला पट्टीचं रबर बदलायला आण्याला जातो, आन मी उंबऱ्यात पाय ठेवला का अक्का आधी माझ्यासमोर तांब्याभर पानी पिती, सगळं, आन रिकामा तांब्या माझ्या हातात देती.