बिनलंगोटाची गोळी

नाव : वेंडेल ऑस्टरगार्ड. वय : ७६ वर्षे. धंदा : निवृत्त, पूर्वी ड्राय फोर्क प्राथमिक शाळेत बॉयलर सांभाळणे, एकतीस वर्षे. राहणार : कॉटनवुड रस्ता, ड्राय फोर्क, कोलोरॅडो.

शेरीफच्या ठाण्यात समक्ष हजर राहून, स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून देतो की,

१९६३ सालच्या ऑक्टोबरात मी एक आवाज ऐकला होता. ठासणीच्या बंदुकीचा धडाका सगळ्यांना ठाऊक असतो. पण गोळी ठासायचा गज चुकून नळीतच राहिला आणि चाप ओढला, तर धडाक्याच्या मागोमाग ‘फर्रर्र’ असे काहीतरी निघून जाते. गवतातून लावा पक्षी उठावा तसे. मग क्षणभर रान गप्प होते. मग ज्याचा गज असतो तो शिवी देतो आणि संध्याकाळपर्यंत गवत धुंडाळतो. त्रेसष्ट सालचा तो गज सापडला नाही. तो कोणाचा होता हे मला विचारण्यात आलेले नाही, म्हणून मी ते लिहीत नाही. माझा नव्हता, एवढेच लिहितो.

डेप्युटी कार्ला वीगंड यांनी आत्ताच खांद्यावरून वाचून म्हटले, “मिस्टर ओ, आज सकाळचं लिहा. त्रेसष्ट साल माझ्या हद्दीत येत नाही.” या बाई चौथीत होत्या तेव्हा त्यांचा वर्ग बरोबर माझ्या बॉयलरच्या डोक्यावर होता. गरम हवा नळातून वर जाई आणि त्याच नळातून मुलांच्या कविता खाली येत. ‘उठ शिंगाळ्या, पहाट झाली, दरीत उतरले धुके, तुझ्या पावलांच्या चाहुलीवाचून रान राहते मुके.’ ही त्यांच्याच वर्गाची. कोळसा ओढता ओढता मला सगळ्या पाठ झाल्या. डेप्युटी म्हणतात, हेही खोडा. शाईने लिहिलेले खोडू नये असे आम्हाला शिकवले आहे.

आजची तारीख २४ ऑगस्ट, वार शनिवार. तक्रारदार लाइल प्रुइट, वय ७७, हे माझे शेजारी असून काउंटीच्या ठासणी मंडळाचे अध्यक्ष आहेत. ते आत्ता समोरच्या खुर्चीत टोपी गुडघ्यावर ठेवून बसले आहेत व माझ्याकडे पाहत नाहीत. आम्ही पहिलीपासून बरोबर आहोत.

येत्या १४ सप्टेंबरला ठासणीवाल्यांचा एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. वरच्या हॅच दरीचा परवाना सोडतीत लागतो. मला तो एकोणीस वर्षे अर्ज केल्यावर या उन्हाळ्यात लागला. निष्काळजीपणाने बंदूक उडवल्याचे ठरले तर परवाना जाऊ शकतो, हे डेप्युटींनी मला लिहायला बसवण्यापूर्वी समजावून सांगितले. मला समजले. आणखी एकोणीस वर्षांनी मी पंच्याण्णव वर्षांचा असेन. मी बेरीज दोनदा करून पाहिली.

ही एकोणीस वर्षे मी हरणाच्या शिकारीला कॅन्ससला जावयाकडे जात असे. तिथे गोळी प्लास्टिकच्या पेल्यात बसवून ठासायची मुभा आहे. गोळी बारीक, नळी मोठी. मधली फट तो पेला भरून काढतो. आमच्या राज्यात ठासणीच्या हंगामात पेला चालत नाही. नळीच्या मापाची, नागवी शिशाची गोळी लागते. ती मी जन्मात कधी ठासली नव्हती, पूर्वी कापडात गुंडाळलेली ठासत असे. पेल्याला आमच्या मंडळात लंगोट म्हणतात. म्हणतात म्हणजे लाइल म्हणतो. जुलैच्या बैठकीत वीस माणसांसमोर तो मला म्हणाला, “वेंडेल, लंगोट लागतो तोवर ते बाळच. आता सोड. बाहेर काही सांडणार नाही.” मी हसलो. वीस माणसे माझ्यापेक्षा जास्त हसली.

म्हणून हंगामापूर्वी गुपचूप सराव करावा या हेतूने मी आज सकाळी सव्वाआठ वाजता लाइलच्या कुरणामागच्या जुन्या खडीच्या खाणीत गेलो. सोबत बंदूक, बारूद, बारा गोळ्या, बार पेटवणाऱ्या टोप्यांची डबी, थर्मास. मी एकटाच होतो.

डेप्युटींनी येथे विचारले की जागेवर कॉफीचे दोन कप कसे सापडले. मी दोन कपांतून पितो. एका कपात दूध होते, कारण मला कधी दुधाची आवडते, कधी बिनदुधाची. त्या कपाच्या काठाला लाल रंग लागला होता असे त्या म्हणतात. तो चेरीच्या मुरंब्याचा असावा.

लाइलची बहीण व्हर्ना, वय ७२, विधवा, गेली नऊ वर्षे लाइलकडे राहते. ती तिथे नव्हती. तिला नऊ-चाळीसच्या बसने नेब्रास्काला मुलीकडे जायचे होते आणि ती गेली असणार. हे मला कोणी विचारले नव्हते, पण लिहून ठेवलेले बरे. तिला बंदूक शिकायची फार इच्छा आहे असे काही नाही. मंडळाच्या मेळाव्यात बायकांनी बीन्सचे पातेले सांभाळावे, बारूद ओतू नये, असे लाइलचे मत आहे आणि ती त्याच्या घरी राहते.

पहिली गोळी साडेआठला ठासली. लंगोटवालीला दोन्ही हातांनी जोर लावावा लागे, कण्हत कण्हत खाली जाई. ही अंगठ्यानेच आत गेली आणि गजाने टेकवताच पत्रपेटीत पत्र पडावे तशी तळाशी जाऊन बसली. मला भीती वाटली की इतकी सहज गेली तशी सहज बाहेरही घरंगळेल. घरंगळली नाही. पन्नास वारांवरच्या कागदावर नेमापासून चार बोटे खाली भोक पडले. दुसरी गोळी दोन बोटे खाली. धूर विरेपर्यंत आम्ही बोललो नाही. मी बोललो नाही, असे वाचावे.

त्यानंतर मी ठासणीची रीत नीट पाठ राहावी म्हणून एक कडवे रचले. ते असे :

बारूद आधी, गोळी नंतर, गज सरकव रे खोल,
टोपी बसव नि श्वास आवर, मग बंदुकीचे बोल.

डेप्युटींनी विचारले, साठ वर्षे बंदूक ठासणाऱ्याला पाठांतर कशाला? मी म्हटले, म्हातारपणी उजळणी बरी. त्या म्हणाल्या, “कडवं पुन्हा वाचा.” वाचले. त्या म्हणाल्या, “मिस्टर ओ, यात गज आत जातो. बाहेर कधी येतो?”

येत नाही. ही चूक संपूर्णपणे माझी आहे आणि ती मी कोणत्याही दडपणाशिवाय कबूल करतो. ‘गज काढ’ हे शब्द दुसऱ्या ओळीच्या सुरुवातीला घालून पाहिले होते, पण मग ओळ लंगडू लागली. मला वाटले, एवढे तर कोणालाही समजते. ज्याने आयुष्यात पहिल्यांदाच बंदूक हातात घेतली आहे आणि जो प्रत्येक शब्द मनापासून पाळतो, त्याला ते समजणार नाही, हा विचार मी केला नाही. कवितेवर कोणी इतका विश्वास टाकेल अशी माझी अपेक्षा नव्हती. मला ते पाहून बरे वाटले होते.

नऊला दहा मिनिटे कमी असताना तिसऱ्या वेळी बंदूक उडाली. डेप्युटी म्हणाल्या, “उडाली की उडवली?” मी उडवली. त्या वेळी मी डाव्या बाजूला तीन पावलांवर, हॅच दरीकडे तोंड करून उभा होतो. डेप्युटींनी विचारले की तीन पावलांवरून चाप कसा ओढला. माझे हात लांब आहेत.

धडाका झाला आणि मागोमाग ‘फर्रर्र’ झाले. मी तो आवाज तत्काळ ओळखला.

गज खाणीच्या बांधावरून गेला आणि लाइलच्या कुंपणावरच्या मंडळाच्या लाकडी फलकात घुसला. त्या फलकावर ‘आधी सुरक्षा’ असे लिहिलेले असून खाली अध्यक्षांचे चित्र रंगवलेले आहे. गज चित्राच्या टोपीतून आरपार गेला. चित्राखेरीज कोणालाही इजा झाली नाही. लाइल घराच्या ओसरीवर पीचचा केक खात होता. फलकापासून ओसरी साठ पावलांवर आहे, मी मोजली. तो काटा हातात घेऊनच धावत आला.

“कोणी मारला? कोणी मारला गज?” तो ओरडला.

“मी,” मी म्हटले.

“तू? तू बॉयलरचं दार दोनदा तपासून घरी जाणारा माणूस! तू गज विसरशील?”

“विसरलो.”

“आणि हे कोणाचे पाय?” त्याने वाळूतल्या खुणा दाखवल्या. “लहान बूट. सांग कोण होतं, नाहीतर मी ठाण्यात जातो. तुझा परवाना गेला म्हणून समज.”

“माझे जुने बूट आहेत, लाइल. आटलेत.”

म्हणून आम्ही ठाण्यात आलो.

डेप्युटींनी लाइललाही विचारले, “ओसरीवरून तुम्हाला गोळी कुठे गेली ते दिसलं नसणार. मग आधीच ‘गज’ म्हणून ओरडत कसे आलात?” लाइल म्हणाला, “तो आवाज ऐकला की कळतं.” डेप्युटी म्हणाल्या, “कधी ऐकलात?” लाइल खिडकीबाहेर पाहू लागला. तो अजून पाहतो आहे.

मंडळाची रीत अशी की ज्याने गज उडवला त्याचा गज वार्षिक जेवणाच्या दिवशी नावासकट भिंतीवर ठोकायचा. भिंतीवर अकरा गज आहेत. अकराही लाइलने स्वतः ठोकले, आणि दर वेळी भाषण केले की या हाताने साठ वर्षांत गज विसरलेला नाही. मी दर वेळी टाळ्या वाजवल्या आहेत. आताही मी त्याबद्दल काही म्हणत नाही. बारावा गज माझ्या नावाने ठोकावा, माझी हरकत नाही. परवान्याचे काय करायचे ते कायद्याने ठरवावे. हॅच दरीत यंदा गवत चांगले आहे असे ऐकतो. कोणीतरी जाईलच.

खाणीत तिसरी व्यक्ती नव्हती. दुसरीही नव्हती.

वरचा मजकूर माझ्याच हातचा आहे. डेप्युटींनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. कडव्यापाशी त्या थांबल्या आणि लाइल त्रेसष्टपाशी खोकला. कोणी धाक घातला नाही, कोणी आमिष दाखवले नाही. जे लिहिले ते बरोबर आहे. जे लिहिले नाही त्याची जबाबदारी

वाक्य अर्धे राहिले, कारण ठाण्याचे दार उघडले.

व्हर्ना दारात उभी आहे. एका हातात तपकिरी बॅग, गळ्यात माझे कान झाकायचे यंत्र आणि दुसऱ्या हातात एक लोखंडी गज. माझा नव्हे, माझा फलकातच आहे. हा गंजलेला आहे आणि टोकाशी जरा वाकला आहे.

“बस सोडली मी,” ती म्हणाली. “कार्ला, तिसरी गोळी माझी. कोरा कागद दे. वेंडेल, तुझ्या कवितेत एक ओळ कमी होती, मला बंदूक हातात देताना सांगायचं तरी होतंस.” मग तिने तो गंजका गज टेबलावर, बरोबर या कागदाच्या शेजारी ठेवला. “आणि लाइल, हा घे. त्रेसष्ट साली आईने जत्रेतल्या स्पर्धेसाठी वाढवलेल्या भोपळ्यात रुतला होता, मी काढून लपवून ठेवला. भोपळा साळिंदराने फोडला असं तू सांगितलंस. मी अकरा वर्षांची होते, काही बोलले नाही. सांग आता, भिंतीवर आधी कोणता ठोकायचा?”

लाइलने टोपी डोक्यावर ठेवली. पुन्हा काढली. मग हात लांब करून स्वतःचा तक्रारीचा कागद परत मागितला.

सही : वेंडेल ऑस्टरगार्ड