नाकावर अडतीस किलो

मिस्त्री : किती वाजता झालं, बाई? कागदावर वेळ लिहावी लागते.

ताई : सात चाळीस. पुलाकडे जाणारा उतार, रस्ता कोरडा, वेग ऐंशी. बाजूने ट्रक गेला आणि ट्रेलर शेपूट हलवायला लागला.

भाऊ : शेपूट म्हणे! मिस्त्री, मी माझ्या गाडीत हिच्या मागेच होतो, पुलापर्यंत पोचवायला. अख्खा ट्रेलर या लेनमधून त्या लेनमध्ये. एक चाक उचललं होतं.

ताई : नव्हतं उचललं.

भाऊ : मी पाहिलंय.

ताई : तू हॉर्नवर डोकं ठेवून बसला होतास. पूल येईपर्यंत वाजत होता तो.

मिस्त्री : हेलकावे किती?

ताई : चार. अॅक्सिलरेटर सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, ट्रेलरच्या ब्रेकची कळ वेगळी आहे ती हाताने दाबली. गाडीच्या ब्रेकला पाय लावला नाही.

मिस्त्री : बरं केलंत. निम्मे लोक तिथेच गाडीचा ब्रेक दाबतात, मग क्रेन बोलवावी लागते. कुठे शिकलात?

ताई : सव्वीस वर्षं अँब्युलन्स चालवली.

भाऊ : अँब्युलन्सच्या मागे बाथरूमसकट घर जोडलेलं नसतं, ताई.

मिस्त्री : मला काम सांगा. साहेब म्हणतात स्वे कंट्रोल लावा, बाई म्हणतात नको.

भाऊ : मी म्हणतो, लावा आणि विका. लावलेला असला की गिऱ्हाईक लवकर मिळतं.

ताई : ट्रेलर माझ्या नावावर आहे. गिऱ्हाईक शोधायचंच असेल तर तुझ्या व्यायामाच्या सायकलला शोध. तिच्यावर टॉवेल वाळतात.

मिस्त्री : नको का म्हणता, ते तरी कळू दे. गाडी आणि ट्रेलर यांच्यामध्ये एक दांडा बसतो, एवढंच. शेपूट हलायला लागलं की तो आवळून धरतो. उलटी गाडी घेताना तेवढा काढायचा.

ताई : उद्या सकाळी आठला मला तळ्याकाठच्या कॅम्पवर हजर व्हायचंय. सहा महिने तिथली राखण. राहायचं ज्याने त्याने स्वतःच्या ट्रेलरमध्ये, ही त्यांची अट. निघाल्यापासून पंचवीस मिनिटांत हे झालं आणि हा लगेच म्हणतो, बघ, तुला झेपत नाही. आता दांडा लावला की जन्मभर हेच ऐकायचं. दांड्याने सांभाळलं, ताईने नाही.

भाऊ : घरात जागा आहे हिला. कोण हाकलतंय?

ताई : जागा आहे. दार नाही. तीन वर्षं पडद्यामागे राहतेय, मिस्त्री. तुमच्या या ऑफिसलासुद्धा दार आहे.

मिस्त्री : त्याची कडी लागत नाही. चला, आधी नाक तोलू. ट्रेलरचं पुढचं टोक, गाडीच्या हुकवर बसतं ते. साहेब, हा काटा जरा सरकवा. सामान भरून ट्रेलर किती, बाई?

ताई : अकराशे पन्नास. काल वजनकाट्यावर नेऊन आणला.

मिस्त्री : म्हणजे नाकावर सव्वाशेच्या आसपास हवेत. एकशे पंधराच्या खाली तर नकोच... हे बघा. अडतीस.

ताई : काटा बिघडलाय.

मिस्त्री : काटा नवा आहे. अडतीस किलो. मागे काय भरलंय?

भाऊ : काही विशेष नाही. दोन बॅटऱ्या, पाण्याचे कॅन, हत्यारांची पेटी, बिडाची शेगडी आणि तंबूचे लोखंडी खांब. सगळं पट्ट्यांनी आवळलंय, इंचभर हलणार नाही. गोदामात तीस वर्षं हेच केलंय मी.

ताई : ते सगळं पुढच्या पेटीत होतं. मी स्वतः ठेवलं होतं.

भाऊ : काल रात्री मागे नेलं.

ताई : कोणाला विचारून?

भाऊ : तुझा खांदा! ऑपरेशनला वर्ष नाही झालं. तिथे एकटी ते नाक कशी उचलणार होतीस? मी हलकं करून दिलं. एका हाताने उचललं जातं आता. मी दहादा करून पाहिलं.

मिस्त्री : साहेब, नाक हाताने उचलायचं नसतंच. त्याला जॅक असतो. छोटं चाक, हँडल फिरवलं की वर जातं. तो कुठाय?

भाऊ : गंजला होता. काढून ठेवला.

मिस्त्री : कुठे?

भाऊ : घरी. जिन्याखाली.

मिस्त्री : गोदामात सामान उभं असतं, साहेब. हे ऐंशीने पळतं. मागचं जड झालं की मागचंच गाडीला हाकायला लागतं.

ताई : आणि झेपत नाही कोणाला? मला! सकाळपासून तेच ऐकतेय. तोंड वर करून सांग आता, झेपत नाही कोणाला?

भाऊ : ताई, मी तुझ्यासाठीच...

ताई : माझ्यासाठी करायचं ते मला सांगून करायचं. बाजूला हो. मिस्त्री, बॅटऱ्या पुढे घ्यायला तुमचा माणूस द्या. कुठे काय ते मी सांगेन. हा हात लावणार नाही.

भाऊ : अजून एक आहे.

ताई : काय?

भाऊ : आठ वाजून पाच मिनिटांनी मी कॅम्पवर फोन केला. तुझ्या वहीतून नंबर घेऊन. म्हटलं, ती येत नाही.

मिस्त्री : मी जॅक शोधतो. आमच्याकडे जुना एक असेल.

ताई : थांबा, कुठे जाऊ नका. तुमच्यासमोरच होऊ दे. ते काय म्हणाले?

भाऊ : ठीक आहे म्हणाले. दुसरी एक बाई यादीत आहे, तिला कळवतो म्हणाले.

ताई : सगळं भरल्यावर नाक किती होतं ते बघू. मग दांड्याशिवाय एक फेरी. दांड्याचं मी ठरवेन, फेरीनंतर. आणि तू माझ्या शेजारी बसायचंस.

भाऊ : मी कशाला?

ताई : डोळे उघडे ठेवायला.

(तासाभराने. तिघं गाडीत, मिस्त्री मागच्या सीटवर. ट्रेलर जोडलेला.)

मिस्त्री : नाक एकशे बत्तीस. साठपर्यंत काही झालं नाही, आता सत्तर. मागून ट्रक येतोय.

भाऊ : ताई, जाऊ दे त्याला.

ताई : जातोच आहे तो. मी माझ्या लेनमध्ये आहे. ऐंशी.

भाऊ : हललं!

ताई : एकदा. आपलं आपण थांबलं. मी काही केलं का? हात बघ माझे.

भाऊ : नाही. काही केलं नाहीस.

ताई : मोठ्याने.

भाऊ : तू काही केलं नाहीस, बाई! सरळ चाललाय तो.

मिस्त्री : एकदा हललं हे मी कागदावर लिहिणार. गाडीच्या मानाने ट्रेलर जडच आहे, आणि तळ्याकाठी आडवा वारा असतो. दांडा सक्तीचा नाही. मी असतो तर लावला असता.

ताई : कोणी झेपत नाही म्हटलं नसतं, तरी लावला असता?

मिस्त्री : माझ्या बायकोच्या ट्रेलरला आहे. तिला असं म्हणायची माझी छाती नाही.

ताई : मग लावा. नाही, थांबा. मला दाखवा, मी लावते. काढायचा मलाच आहे, तर घालायलाही मलाच आला पाहिजे. भाऊ, त्यांचा नंबर फिरव.

भाऊ : मी?

ताई : येत नाही हे तू सांगितलंस. येतेय हेही तूच सांग.

भाऊ : वाजतोय... उचलत नाहीत.

ताई : परत.

भाऊ : तीनदा झालं, ताई. जेवणाची वेळ आहे, बाहेर गेले असतील. त्या दुसऱ्या बाईला कळवलं असेल तर?

ताई : तर ती आणि मी दोघी फाटकावर उभ्या राहू. मिस्त्री, किती वाजले?

मिस्त्री : बारा वीस.

ताई : दांड्याला किती वेळ?

मिस्त्री : मी लावला तर वीस मिनिटं. तुम्ही लावला तर चाळीस.

ताई : चाळीस लिहा. भाऊ, तू फोन लावत राहा.

भाऊ : ...वाजतोय.