दाढी आणि मास्क

रक्ततपासणीच्या बाकावर नंबराची वाट पाहत बसलेल्या बाईंचं लक्ष पुस्तकात नव्हतं. शेजारी वेदनाशामक गोळ्यांची पावडर बनवणाऱ्या कारखान्यातले दोघं बोलत होते. एक पावडर चाळणारा, दुसरा तिथलाच ड्रायव्हर.

"अरे, वीस वर्षांची दाढी गेली कुठे?" ड्रायव्हरने विचारलं.

"धाकट्या पोरीने काढायला लावली. आपल्याकडेच सेफ्टी ऑफिसर झालीय ना! मास्क घट्ट बसतो का, ते तपासते. मास्कवरून डोकं-तोंड झाकणारं टोपडं घालायचं आणि आत कडू फवारा मारायचा. जीभ कडू झाली, की मास्क गळका."

"तुझी झाली?"

"झाली ना. दाढीच्या केसांमुळे फट राहते. तिथून पावडर रोज आत जाते आणि लिव्हरवर बेतते."

"कडू लागलंच नाही, म्हणायचंस!"

"म्हणालो. तर म्हणते, आरशात बघा, एरंडेल प्यायल्यासारखं तोंड झालंय."

"सगळ्यांसमोर?"

"चाळीस जणांसमोर. वर 'काका' म्हणाली मला! काका, नापास. दाढी काढेपर्यंत चाळणीपाशी यायचं नाही."

"बापाची काही भीडभाड?"

"मॅनेजरही म्हणाला, जाऊ दे, जुना माणूस आहे. तर त्याला म्हणते, साहेब, जुने आहेत म्हणूनच. वीस वर्षांची धूळ आधीच आत गेलीय. आजची ही लिव्हरची तपासणीही तिनेच लावली."

"राग नाही आला तुला?"

"आला ना. न्हाव्याच्या खुर्चीत बसेपर्यंत टिकला. त्याने विचारलं, एवढी छान दाढी, कुणी सांगितलं काढायला? मी म्हटलं, आमच्या सेफ्टी ऑफिसर मॅडमनी. माझीच मुलगी आहे."