तिरकी रेघ

सांगवीत डोळ्यांच्या दवाखान्यात शालनबाई नंबरची वाट पाहत होत्या. शेजारी हार्मोनियम शिकवणारे नानासाहेब आणि लॅपटॉप उघडून बसलेली त्यांची शिष्या रुपाली.

“गुरुजी, तुमच्या वहीतली स्वरलिपीची सगळी चिन्हं आता माझ्या फॉन्टमधून टाइप होतात. दोन स्वरांना जोडणारी ही मींडेची कमान बघा.”

“ही कमान कंपासनं काढलीस का गं? गळा असा वळतो होय? शेवटाला जरा लांबव.”

“आता?”

“आता गायली! आणि कोमल स्वराखालची रेघ?”

“तुमच्यासारखीच, तिरकी.”

“अगं, ती सरळच असते. मोतीबिंदू काढण्याआधी मला नीट दिसत नव्हतं, म्हणून तिरकी जायची.”

“मग सरळ करू?”

शालनबाई न राहवून बोलल्याच, “ऱ्हाऊ दे की गं तिरकी!”

नानासाहेब हसले. “ठेव तशीच. आता जनतेचीच मागणी आहे.”