पंगतीला न बसणारा पाहुणा

सन्माननीय अध्यक्षा अश्विनीताई, व्यासपीठावरील मान्यवर, पोलीस खात्यातून आज निवृत्त होणारे आपले सत्कारमूर्ती रंगनाथ दहातोंडे साहेब आणि समोर बसलेल्या पाथर्डीकर बंधू-भगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मी ज्ञानेश्वरी. खर्ड्याला शाळेत शिकवते. साहेबांनी ज्या चोरापायी सगळ्यांत जास्त चपला झिजवल्या, त्या पुंजारामची मी मुलगी. कुजबुज झाली तरी चालेल, मला आता त्याचं काही वाटत नाही. साहेबांनीच बोलायला सांगितलं, म्हणून उभी राहिले.

लग्नांतल्या त्या चोऱ्या तुम्हाला ठाऊक आहेतच. इथे बसलेल्या काहींच्या तर घरीच झाल्या. पांढरी सफारी, अत्तर, जिभेवर साखर. आपल्याकडे लग्नात आलेल्या माणसाला कोण विचारतो हो, तुम्ही कोण म्हणून? मुलीकडच्यांना वाटायचं, मुलाकडचे असतील. मुलाकडच्यांना वाटायचं, मुलीकडचे. माइकवर नाव पुकारून माझ्या वडिलांना मानाचा फेटा बांधला जायचा. मग मंगलाष्टकं सुरू झाली, सगळे अक्षता घेऊन मांडवात गेले, की वधूच्या खोलीतला दागिन्यांचा डबा रिकामा. मंगळसूत्राला मात्र त्यांनी कधी हात लावला नाही.

जामखेडच्या लग्नात साहेब साध्या कपड्यांत त्या खोलीच्या दाराशीच उभे होते. तेवढ्यात माइकवरून पुकारा झाला, ‘दहातोंडे साहेबांनी सत्कारासाठी व्यासपीठावर यावं.’ लोकांनी हाताला धरून नेलं. साहेबांना फेटा बांधून होईपर्यंत इकडे काम फत्ते! नाव कोणी दिलं होतं, हे सांगायला नको. हसा, हसा. साहेबही हसताहेत.

पण साहेब कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी लग्नांचं शूटिंग मागवून पाहिलं. बाकीचे व्यासपीठ बघत बसले, साहेबांनी पंगती बघितल्या. एक माणूस प्रत्येक लग्नात फेटा बांधून घेतो आणि एकाही पंगतीला बसत नाही! ज्या घरचं मीठ खाल्लं त्या घरी चोरी करायची नाही, हा वडिलांचा नेम होता. नेमामुळेच चेहरा सापडला, चेहऱ्यावरून नाव. वडिलांना सुगावा लागला आणि चोऱ्या थांबल्या.

घरी ते आधीपासूनच येत नव्हते. मी लहान असतानाच गेलेले. आई सांगायची, सुरतेला कापडाच्या दुकानात असतात. माझ्या लग्नात कन्यादान मामांनी केलं. मी दाराकडे बघायचं कधीच सोडून दिलं होतं.

पण लेकीच्या लग्नाला बाप येणारच, हे साहेबांनी ताडलं होतं; त्या दिवशी बुंदीची बादली घेऊन ते माझ्या लग्नाच्या पंगतीत वाढत होते. शेवटच्या ओळीत फेटा बांधलेला एक पाहुणा खाली मान घालून जेवत होता. हवालदार गोरक्षभाऊ म्हणाले, “साहेब, उचलू का? पळंल त्यो.”

साहेब म्हणाले, “भरल्या ताटावरून उठवायचं न्हाई. जेवू दे त्याला.”

हात धुतल्यावर साहेबांनी मनगट धरलं. वडील एवढंच म्हणाले, “चला साहेब. पन पोरीला कळू देऊ नका. मी आसाच जानार हुतो.”

साहेबांनी ऐकलं नाही. त्यांना माझ्यासमोर आणून उभं केलं. “पोरी, हे तुझे वडील. पाया पड, मग नेतो.” मी पाया पडले. डोक्यावर हात आला, त्याला बुंदीचा वास होता. मला रडू आलं नाही. शिक्षा भोगून ते माझ्याकडे राहिले, गेल्या वर्षी वारले, तेव्हाही आलं नाही. आतलं सगळं बधिर झालंय, साहेब. लोक विचारतात, ज्यानं लग्नात बापाला धरलं त्याच्या सत्काराला तू कशी गेलीस?

मी वेळ जास्त घेतला, मंगल प्रसंगी बोलू नये तेही बोलून गेले. लेक समजून पदरात घ्या. आयोजकांची मी ऋणी आहे. आणि साहेब, तुमचे आभार. तुम्ही त्यांना धरलं नसतं, तर माझे वडील माझ्या लग्नाला आले होते, हे मला कधी कळलंच नसतं.